रात्रीच्या रियाजासाठी परवडणारे इलेक्ट्रिक व्हायोलिन निवडताना

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे इतरांनाही कळेल. तुम्ही ठाण्यात दोन खोल्यांच्या घरात राहता, तीन वर्षांपासून हिंदुस्थानी पद्धतीने, मांडी घालून व्हायोलिन शिकत आहात. कामावरून आल्यावर रियाजाला रात्री १० नंतरचाच वेळ मिळतो. त्या वेळी आतल्या खोलीत लहान मुलगी झोपलेली असते आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनीही एकदा सौम्य शब्दांत सांगून पाहिले आहे. २०,००० रुपयांच्या आत, हेडफोन लावून वाजवता येईल असे इलेक्ट्रिक व्हायोलिन कोणते घ्यावे, ते खरोखर आवाज न करणारे असते का, आणि त्यावर रियाज केल्याने हात बिघडतो का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. शेवटी तुम्ही जुन्या, वापरलेल्या वाद्याबद्दलही विचारले आहे.

मी व्हायोलिन शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यांची किरकोळ दुरुस्ती व जुळणीही करतो. स्वस्त इलेक्ट्रिक व्हायोलिने माझ्याकडे बहुधा खरेदीनंतर लगेचच येतात, आणि तक्रारी ठरलेल्या असतात: आवाज पत्र्यासारखा येतो, एक तार मोठी आणि एक बारीक वाजते, खुंट्या घसरतात, बसून वाजवताना वाद्य मांडीवर टेकत नाही. यातल्या पहिल्या तीन तक्रारींवर थोड्या पैशांत उपाय निघतो, चौथीवर मात्र निघत नाही. माझे सगळे उत्तर या एका फरकावर उभे आहे. या किमतीत वाद्य निवडताना आवाजाला शेवटचे महत्त्व द्यावे आणि लाकडाच्या मापांना व आकाराला पहिले, कारण हेडफोनमधला आवाज वाद्याबाहेर सुधारता येतो, पण चुकीचा आकार कोणीही सुधारून देऊ शकत नाही.

त्याआधी, वाद्य घ्यायलाच हवे का, हे ठरवावे लागेल आणि ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. तुमच्या अडचणी दोन आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज भिंतीतून गाळून जातो, म्हणून तो बऱ्यापैकी कमी केला तरी पुरते. मुलगी मात्र एका पातळ दारापलीकडे झोपलेली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, दिवसा ती ५५ आहे. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे, तुमच्या खोलीतल्या नव्हे. तरीही साधे व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या कानाशी ८५ डेसिबलच्या वर सहज जाते, हे लक्षात घेतले तर शेजाऱ्यांचे म्हणणे अवाजवी वाटणार नाही.

अडचण मुख्यतः शेजाऱ्यांची असेल, तर माझा पहिला सल्ला इलेक्ट्रिक व्हायोलिनचा नाही. रियाजाचा जाड रबरी किंवा धातूचा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा तुकडा, काही शे रुपयांत मिळतो. व्हायोलिनच्या घोडीचे, म्हणजे ब्रिजचे, वजन जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास असते. तिच्यावर कित्येक पट जड वस्तू बसवली की तारांची कंपने वाद्याच्या पोटापर्यंत पुरती पोहोचतच नाहीत. आवाज दबतो, वरचे स्वरांश नाहीसे होतात, वाद्य सर्दी झाल्यासारखे वाजते, पण स्वरस्थाने जशीच्या तशी ऐकू येतात. धातूचा म्यूट रबरापेक्षा जास्त आवाज खातो. मात्र आपण वाद्य उताराने धरतो, त्यामुळे सैल बसलेला म्यूट घसरून पॉलिशवर पडण्याचा धोका आपल्या बैठकीत अधिक असतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना रबरी म्यूटच सांगतो. आठवडाभर म्यूट लावून, दार बंद करून, खाली सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा ठेवून वाजवून पाहा, आणि घरातल्या कोणाला तरी दाराबाहेर उभे राहून ऐकायला सांगा. बऱ्याच घरांत प्रश्न इथेच मिटतो. तुमच्याकडे मुलगी दारापलीकडेच असल्याने तो मिटेलच असे नाही, म्हणून पुढचे लिहितो.

इलेक्ट्रिक व्हायोलिन पूर्ण नीरव असते का? नसते, पण तुमच्या कामापुरते असते. साध्या व्हायोलिनमध्ये तार स्वतः फारसा आवाज करत नाही. ती इतकी बारीक असते की हवा हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून पातळ लाकडी तबकड्यांत जातात आणि त्या तबकड्या हवा हलवतात. भरीव लाकडाच्या किंवा नुसत्या सांगाड्याच्या वाद्यात ही तबकडी नसते. मग उरतो तो तारेचा बारीक, किनरा आवाज आणि गजाची घासर. वाजवणाऱ्याला आणि त्याच खोलीत शेजारी बसलेल्याला तो ऐकू येतो. बंद दारापलीकडे तो सहसा जाणवत नाही. मुलगी त्याच खोलीत झोपत असती तर मी वेगळे उत्तर दिले असते.

आता बाजारातल्या नावांबद्दल, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. ‘इलेक्ट्रिक’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे नेहमीचे पोकळ व्हायोलिन, ज्याला आत पिकअप, म्हणजे कंपनांचा विद्युतसंकेत करणारा भाग, आणि कडेला बटणांची पट्टी बसवलेली असते. ते मंचासाठी आहे. वायर जोडा अथवा न जोडा, ते साध्या व्हायोलिनइतकेच मोठ्याने वाजते. ऑनलाइन दुकानांत ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक’ म्हणून, आणि कधी कधी नुसतेच ‘इलेक्ट्रिक’ म्हणूनही, हेच वाद्य दिसते. छायाचित्रात इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन छिद्रे खरोखर आरपार कोरलेली दिसली, तर ते तुमच्या कामाचे नाही. दुसरी वस्तू म्हणजे भरीव किंवा सांगाड्याचे वाद्य, पण हेडफोनची सोय नसलेले. त्यातून फक्त अॅम्प्लिफायरकडे जाणारी वायर निघते. हे केवळ स्वस्त वाद्यांत घडते असेही नाही. यामाहाची वायईव्ही ही मालिका चांगली आहे, पण तिच्यात हेडफोनची जागा नाही, कारण ती मंचासाठी बनवलेली आहे. त्याच कंपनीची ‘सायलेंट’ नावाची मालिका हेडफोनसह येते आणि घरच्या रियाजासाठीच आहे. तिसरी वस्तू म्हणजे भरीव वाद्य, आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट, हेडफोनची जागा आणि बाहेरचे संगीत आत घेण्याची आणखी एक जागा. तुम्हाला हवे आहे ते हेच. यामाहाचे सायलेंट व्हायोलिन नवे घ्यायचे तर ते तुमच्या रकमेच्या कित्येक पट जाते, म्हणून ते सध्या बाजूला ठेवू. स्टॅग, सेसिलिओ यांसारख्या नावांची आणि अनेक बिननावी वाद्ये तुमच्या आवाक्याच्या जवळपास येतात. त्यांतले अमुकच घ्या असे मी सांगणार नाही, कारण या किमतीत एकाच नावाच्या दोन वाद्यांतही फरक सापडतो. वाद्य हातात घेऊन तपासणे, किंवा परत करण्याची खात्रीशीर मुभा असलेल्या ठिकाणाहून घेणे, हे नावापेक्षा महत्त्वाचे आहे.

बैठकीचा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो, कारण परदेशी परीक्षणांत तो तुम्हाला कुठेच सापडणार नाही. ती परीक्षणे उभे राहून, हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्यांनी लिहिलेली असतात. आपण स्क्रोल, म्हणजे खुंट्यांपलीकडचे वळणदार टोक, उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतो आणि वाद्याचे दुसरे टोक छातीला, गळ्याच्या हाडाखाली लावतो. म्हणजे आपल्याला वाद्याला दोन भक्कम टोके हवीत. काही आधुनिक वाद्यांना स्क्रोलच नसतो. खुंट्या शेपटीकडे नेलेल्या असतात आणि दांडी नटपाशीच, म्हणजे तिच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथेच, संपते. उभ्याने वाजवणाऱ्याला हे हलके आणि सुटसुटीत वाटते, आपल्याला मात्र पायावर टेकवायला काहीच उरत नाही. असे वाद्य कितीही चांगले असले तरी घेऊ नका.

दुसरे टोकही तपासा. सांगाड्याच्या वाद्यात शरीर म्हणजे एक पोकळ चौकट असते आणि काहींत डाव्या बाजूची चौकट अजिबात नसते. छातीला टेकणारी कड गोल आणि रुंद हवी. ती अरुंद असली तर अर्ध्या तासात टोचू लागते आणि वाद्य स्वतःभोवती फिरते. आवाजाचे चाक, बॅटरीचे झाकण, वायरची जागा हे सगळे बहुतेक वाद्यांत मागच्या बाजूला किंवा खालच्या कडेला असते. नेमके तिथेच आपले शरीर टेकत असेल तर तान घेताना चाक फिरते आणि आवाज बंद पडतो. वायरचा सरळ दांडा मांडीत रुततो. काटकोनात वळलेला जॅक घेतला तर हा त्रास जातो. दुकानात संकोच न करता खाली बसा. मुंबईत धोबी तलाव, काळबादेवी या भागांतल्या वाद्यांच्या दुकानांत बसून वाजवणारे गिऱ्हाईक काही नवलाचे नाही.

याच बैठकीमुळे एक सवलतही मिळते. स्वस्त इलेक्ट्रिक व्हायोलिनबद्दल सर्वांत मोठी तक्रार वजनाची असते, कारण भरीव लाकूड, बॅटरी आणि सर्किट मिळून ते साध्या व्हायोलिनपेक्षा बरेच जड होते. उभे राहून वाजवणाऱ्याच्या मानेवर आणि खांद्यावर हा भार येतो. आपल्याकडे तो पायावर उतरतो. म्हणून वजनामुळे वाईट शेरे मिळालेले एखादे वाद्य तुम्हाला चालून जाईल, आणि ते त्याच कारणाने स्वस्तही मिळू शकेल.

आता मापे. मोजपट्टी बरोबर न्या. नटपासून घोडीपर्यंतची तार पूर्ण मापाच्या व्हायोलिनमध्ये ३२५ ते ३२८ मिलिमीटर असते. तुमच्या घरच्या वाद्याचे माप आधी घेऊन ठेवा आणि नव्यात ते शक्य तितके तेच असू द्या, कारण दोन वाद्यांवर आलटून पालटून रियाज करायचा तर स्वरांमधली अंतरे बोटांना तीच वाटली पाहिजेत. नटपाशी फिंगरबोर्डची, म्हणजे बोटे ठेवायच्या पट्टीची, रुंदी साधारण २४ मिलिमीटर असावी. फिंगरबोर्डच्या घोडीकडच्या टोकाशी सर्वांत बारीक तार सुमारे ३ ते ३.५ आणि सर्वांत जाड तार ५ ते ५.५ मिलिमीटर वर असावी; कारखान्यातून आलेल्या स्वस्त वाद्यात ती याहून पुष्कळ उंच असते. उंची कमी करता येते, म्हणून तेवढ्यावरून वाद्य नाकारू नका. फिंगरबोर्ड वाकडा असेल तर मात्र नाकारा. एका डोळ्याने त्याच्या लांबीवर नजर टाकली की मध्ये अगदी हलका, सलग खोलगटपणा दिसावा. तो फुगीर असेल तर मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट सरकवताना, एका ठिकाणी तार घरघरणार. पुष्कळ स्वस्त वाद्यांत फिंगरबोर्ड एबनीचा नसून साध्या लाकडाला काळा रंग दिलेला असतो. आपण बोट घासत एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो, बोटांना तेलाचा हातही लावतो. रंग काही महिन्यांत निघतो आणि खाली फिके लाकूड दिसू लागते. दिसायला वाईट, वाजायला फारसे बिघडत नाही. पण लाकूड मऊ असेल तर तारांच्या रेघा पडतात, म्हणून नखाने हलके दाबून पाहा.

खुंट्यांबद्दल थोडक्यात: आपल्या पावसाळ्यात त्या फुगून अडकतात आणि थंडीत सैल होतात, हे साध्या वाद्यातही होतेच. स्वस्त वाद्यात त्यात भर म्हणून खुंटीचा उतार आणि भोकाचा उतार जुळलेला नसतो. टेलपीसवर, म्हणजे तारांची खालची टोके अडकवलेल्या भागावर, चारही तारांना फाइन ट्यूनर (बारीक फरक करणारे स्क्रू) असतील तर निम्मा त्रास वाचतो.

तारा कोणत्या स्वरांत लावायच्या, या जुळणीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो इथे येतो. ही वाद्ये पाश्चात्त्य जुळणीसाठी, म्हणजे जी-डी-ए-ई अशा तारांसाठी तयार केलेली असतात. तुम्ही सा-प-सा-प लावता असे लिहिले आहे. षड्ज पांढरी ५, म्हणजे पाश्चात्त्य ‘जी’ स्वर, धरला तर खालच्या दोन तारा जागेवर राहतात आणि वरच्या दोन प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरतात. एक स्वर उतरवला की तारेचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. याचा परिणाम दुहेरी असतो. ताण घटल्यामुळे घोडीवरचा दाब कमी होतो आणि पिकअपला त्या तारांचा संकेत क्षीण मिळतो. पण स्वस्त पिकअपमध्ये वरची तार बहुधा प्रमाणाबाहेर किंचाळते, त्यामुळे आपल्या जुळणीत ती आपोआप थोडी निवते. दुकानदाराने पाश्चात्त्य जुळणीत वाजवून दाखवले तर तेवढ्यावर निर्णय करू नका. तुमच्या स्वरात तारा लावा आणि चारही तारा मोकळ्या, एकाच दाबाने वाजवून हेडफोनमध्ये ऐका. एखादी तार किंचित कमी-जास्त असेल तर घोडीची खाच नीट करून ती सावरता येते. एखादी तार जवळजवळ ऐकूच येत नसेल तर पिकअपमध्ये दोष आहे, ते वाद्य सोडून द्या.

इलेक्ट्रॉनिक्सकडे येतो. या वाद्यांत पिएझो स्फटिकाचा पिकअप घोडीखाली किंवा घोडीतच बसवलेला असतो. दाब बदलला की स्फटिक सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करतो. हा स्रोत फार अशक्त असतो आणि पुढच्या यंत्राने त्याच्याकडून अगदी कमी प्रवाह मागावा लागतो. म्हणजे पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स, आत येणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, खूप जास्त हवा. एक उदाहरण घ्या: पिकअपची धारिता (कपॅसिटन्स) १ नॅनोफॅरड धरली आणि तो १० किलोओमच्या साध्या लाइन इनपुटला थेट जोडला, तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचे सगळे क्षीण होत जाते, म्हणजे व्हायोलिनचा जवळजवळ संपूर्ण आवाज. तोच पिकअप १ मेगाओमच्या इनपुटला जोडला तर ही सीमा १६० हर्ट्झच्या आसपास येते. व्हायोलिनची सर्वांत खालची, ‘जी’ स्वराची तार १९६ हर्ट्झची आहे, म्हणजे ती सुरक्षित राहते. पत्र्यासारख्या आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्या वाद्यांत वाद्य ठीक आणि जोडणी चुकीची, हे मला वारंवार आढळते. बॅटरीवर चालणारे सर्किट वाद्यातच असेल तर हे काम ते आतच करते. सर्किट नसेल, तर १ मेगाओम किंवा त्याहून अधिक इनपुट असलेला छोटा प्रीअॅम्प, म्हणजे क्षीण संकेत वाढवणारे यंत्र, लागतो, आणि गिटारसाठी मिळणारा साधा प्रीअॅम्पही चालतो. नुसता हेडफोन अशा वाद्याला लावून ‘आवाजच येत नाही’ म्हणून ते परत करणारेही मी पाहिले आहेत.

पिकअप फक्त घोडी ऐकतो. वाद्याच्या पोटातल्या हवेची घुमक, लाकडाचा स्वतःचा रंग, खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज, यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणून हेडफोनमधला आवाज कोरडा आणि डोक्याच्या मधोमध अडकल्यासारखा लागतो. महागड्या सायलेंट वाद्यांत ही उणीव भरून काढणारे सर्किट असते, स्वस्तात नसते. थोडासा रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्याचा भास देणारा परिणाम, दिला की हेच वाद्य पुष्कळ माणसाळते. पुढे कधी गिटारचे छोटे इफेक्ट यंत्र किंवा संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस हाती आला, तर हे सहज साधते. रियाजासाठी मात्र रिव्हर्ब बेताचाच ठेवा. जास्त झाला तर तो बेसूरपणा झाकतो, आणि आपण रियाज करतो तो नेमका बेसूरपणा ऐकू यावा म्हणून.

हेडफोन वायरचाच घ्या, याला अपवाद नाही. ब्लूटूथमध्ये गज फिरवल्यापासून आवाज कानावर पडेपर्यंत जो उशीर होतो, तो बोलणे ऐकताना कळत नाही, पण द्रुत तान वाजवताना असह्य होतो. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असा हेडफोन उत्तम. त्याने तारेचा किनरा आवाज तुमच्यासाठी दबतो आणि हेडफोनमधलाही बाहेर झिरपत नाही. हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्यांचा डावा कप वाद्याला आपटतो, आपल्या बैठकीत तोही त्रास नाही. आवाज बेताचा ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण कोरड्या आवाजात गोडवा सापडत नाही म्हणून माणूस चाक वाढवत जातो.

बाहेरचे संगीत आत घेण्याची जागा आपल्यासाठी चैनीची वस्तू नाही, गरजेची आहे. फोनवरचा किंवा इलेक्ट्रॉनिक पेटीतला तानपुरा त्यातून कानात घेतला तर रात्रीचा रियाज नीट होतो. तानपुऱ्याशिवाय हेडफोनमध्ये वाजवलेला षड्ज कोणाशी जुळवणार? ही जागा नसलेले वाद्य दुसऱ्या सर्व बाबतींत चांगले असेल तर एक छोटा दोन वाटांचा मिक्सर घेऊन भागवता येते, पण तेवढा खर्च आधी धरा. एक व्यावहारिक सूचना: तानपुरा फोनवर लावताना फोन चार्जिंगला लावू नका. बॅटरीवरचे वाद्य मुळात शांत असते. चार्जरमधून, विशेषतः अर्थिंग धड नसलेल्या घरांत, ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते आणि लोक वाद्यालाच दोष देतात. रियाज संपल्यावर वायर काढून ठेवा, कारण पुष्कळ वाद्यांत वायर खोचलेली असेपर्यंत सर्किट चालूच राहते. बरेच दिवस वाजवणार नसाल तर बॅटरी बाहेर काढा.

हात बिघडतो का, याचे प्रामाणिक उत्तर असे की काय वाजवता यावर ते अवलंबून आहे. डाव्या हाताचे काम, म्हणजे पलटे, स्वरस्थाने, मींडेचा मार्ग, तानांची सफाई, तालात राहणे, हे इलेक्ट्रिकवर उत्तम होते. किंबहुना कोरड्या आवाजात डाव्या हाताची चूक उघडी पडते. प्रश्न उजव्या हाताचा आहे. साध्या व्हायोलिनमध्ये गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचे अंतर जरा बदलले की आवाजाचा पोत बदलतो, आणि गायकी अंगाचे, म्हणजे गळ्यासारखे वाजवण्याचे, सगळे सौंदर्य याच बदलांत असते. व्हायोलिनवादक पंडित डी. के. दातारांच्या विलंबित वादनात एकाच स्वराचा लगाव गजाच्या एकाच फेरीत कसा फुलतो आणि ओसरतो, हे ऐकले की मी काय म्हणतो ते कळेल. पिएझो यातले स्थूल तेवढेच टिपतो. शिवाय हेडफोनमध्ये हलक्या गजालाही भरपूर आवाज मिळतो, म्हणून हात हळूहळू गजाला वजन देणे सोडतो आणि मग साध्या वाद्यावर आवाज उथळ येतो. माझ्याकडे रात्रीचा रियाज इलेक्ट्रिकवर करणारे जे आहेत, त्यांना मी शनिवार-रविवार सकाळी फक्त साध्या वाद्यावर आणि बराचसा वेळ नुसते लांब गज घ्यायला सांगतो. आलाप, आवाजाची साधना तिकडे. पलटे, ताना, पाठांतर रात्री इकडे. अशी वाटणी पाळली तर हात बिघडत नाही. तुमचे गुरुजी यापेक्षा वेगळे सांगत असतील तर त्यांचे ऐका, ते तुमचा गज प्रत्यक्ष पाहतात.

रात्रीसाठी गज मात्र तुमचा नेहमीचाच वापरा. संचात मिळणारा गज बहुधा हलक्या प्रतीचा असतो आणि त्याचा तोल वेगळा असतो.

पैशांची मांडणी मी अशी करीन. संपूर्ण २०,००० वाद्यावर घालवू नका. वाद्यासाठी १२,००० पर्यंत, घोडी, नट आणि खुंट्यांच्या जुळणीसाठी दीड-दोन हजार, बऱ्या स्टीलच्या तारांसाठी हजार-दीड हजार, बंद हेडफोनसाठी दोन हजार, आणि उरलेले रिव्हर्ब किंवा प्रीअॅम्पसाठी राखून ठेवा. आकडे अंदाजाचे आहेत आणि गावोगाव बदलतात. मला महत्त्वाचे वाटते ते प्रमाण. नीट जुळवलेले १२,००० चे वाद्य, न जुळवलेल्या १८,००० च्या वाद्यापेक्षा वाजवायला सुखाचे असते. जुळणी व्हायोलिनचे काम करणाऱ्याकडूनच करून घ्या. सतारीची जवारी काढणारे कुशल हात आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण पिकअपवर बसलेली घोडी घासताना आतली बारीक वायर तुटली तर दुरुस्ती जवळजवळ होत नाही.

राहिला जुन्या वाद्याचा प्रश्न. तुमच्या रकमेत यामाहाच्या सायलेंट मालिकेतले एखादे जुने वाद्य मिळण्याची शक्यता थोडी आहे, पण शून्य नाही. ही वाद्ये १९९७ पासून बाजारात आहेत आणि हौस संपल्यावर विकणारे असतात. मिळाले तर ते नव्या स्वस्त वाद्यापेक्षा मी पसंत करीन, पण पुढील गोष्टी पाहूनच. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट-पांढरा थर आहे का बघा. आपल्या दमट हवेत विसरलेली बॅटरी गळते आणि सर्किटपर्यंत जाते. जॅकमध्ये वायर हलवत वाजवा, खरखर फक्त जॅकची असेल तर तो स्वस्तात बदलता येतो. काही प्रकारांत सर्किट वेगळ्या डबीत असते आणि विकणाऱ्याने ती हरवलेली असते. त्या डबीशिवाय हेडफोनवर वाजवता येत नाही, आणि ती सुटी मिळवणे अवघड जाते. चारही तारांचा आवाज सारखा आहे का हे वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या जुळणीत तपासा. आणि तिथेही खाली बसूनच वाजवून पाहा. उत्तम कंपनीचे असले तरी त्या वाद्याची छातीकडची चौकट तुमच्या अंगाला लागते की नाही, हे त्याशिवाय कळणार नाही.